अकरा नंबरची चकती

चिमटी हे तिचं खरं नाव नव्हतं, पण ती काम करायची त्या संशोधन संस्थेत तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. केसापेक्षा बारीक तांब्याची तार ती चिमट्याच्या टोकात धरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली, शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीवर, तिचे चाळीस वेढे घालायची. वेढ्यावर वेढा चढता कामा नये, दोन वेढ्यांत फट राहता कामा नये. हे काम यंत्राकडून करून घ्यायचा प्रयत्न दोनदा झाला होता आणि दोन्ही वेळा यंत्राने हात टेकले होते. चिमटीच्या हातून महिन्याकाठी एखादी तार तुटायची. त्या दिवशी ती कुणाशी बोलायची नाही आणि इतरही तिच्या वाटेला जायचे नाहीत.

ही चकती माणसाच्या छातीत, दोन फासळ्यांच्या मध्ये, फुप्फुसाच्या आवरणाला लागून बसवायची असे. तिच्यात बॅटरी नव्हती. सकाळी उठल्यावर रोग्याने एक चपटी ताटली छातीवर खुणेच्या जागी धरायची. ताटलीच्या जोरावर चकती तेवढ्यापुरती जागी व्हायची, आसपासच्या मांसातून न जाणवणारा विजेचा मंद प्रवाह सोडायची आणि त्याला किती अडथळा झाला ते ताटलीला कळवायची. ताटलीवर आकडा उमटायचा. हृदय थकलेलं असलं की फुप्फुसात पाणी साचतं, आणि पाण्यातून वीज सहज जाते. म्हणून आकडा उतरला की समजायचं, पाणी चढतंय. दम लागायच्या आठ-दहा दिवस आधीच हे कळायचं. तेवढ्या अवधीत गोळ्या वाढवल्या की रोगी दवाखान्याचं तोंड न बघता घरच्या घरी सावरायचा.

चिमटीच्या ताईचं हृदय असंच थकलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी एका तापाचं निमित्त झालं आणि तेव्हापासून वर्षातून दोनदा तरी ती पाणी भरून दवाखान्यात दाखल व्हायची. ताई तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ताई अठराची होती आणि चिमटी सहाची. ताईने कॉलेजचं नाव काढलं नाही, शिलाई मशीनवर बसली ती बसलीच. शाळांचे गणवेश, बँकेच्या शिपायांचे कोट, दवाखान्यातले झगे. मापाची फीत गळ्यात आणि टाचण्या ओठांत. त्या टाचण्यांमुळे लहानपणी चिमटीला वाटायचं की ताईला बोलायला फारसं आवडत नाही. पुढे लग्न झालं, भाऊजी लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होते, पण दुकान ताईने सोडलं नाही. चिमटीचं सगळं शिक्षण त्या मशीनवर झालं. सुईत दोरा ओवायला ताईच शिकवायची, तेही पाठीमागून, हात धरून, न बोलता.

चाचणीसाठी अठरा रोगी घ्यायचे ठरलं तेव्हा चिमटीने मोठ्या सरांकडे शब्द टाकला. मोठे सर विभागाचे प्रमुख, ही चकती त्यांच्याच डोक्यातून निघालेली. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं आणि नियमात बसते म्हणाल्या. उरली ताई.

तिने सगळं ऐकून घेतलं. हातातल्या कोटाची टीप पुरी केली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या अंगाला बटण लावणार म्हण की. मग काज कुठे करणार आहेत?"

भाऊजींना ते फारसं पटलेलं नव्हतं. लिफ्टमध्येही असले सेन्सर असतात आणि आपल्याला निम्म्या वेळा त्यांच्याचसाठी धावावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. ताईने त्यांना गप्प केलं. परक्याने केलेली वस्तू असती तर मीही दहा वेळा विचार केला असता, हिने केलीय तर विचार कसला करायचा, एवढंच ती म्हणाली.

नियमाप्रमाणे कुठली चकती कुणाला जाणार हे चिमटीला कळायला नको होतं. पण अकरावा रोगी कोण ते तिला ठाऊक होतं, आणि अकरा नंबरची चकती तिने तीनदा केली. पहिल्या दोन्हींत काही खोट नव्हती. तिसरी मनासारखी झाली.

सुरुवातीचे महिने सोन्यासारखे गेले. ताईचा नेहमीचा आकडा बासष्ट. पंचावन्नच्या खाली गेला तर फोन करायचा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. चौथ्या महिन्यात तो चोपन्न झाला. ताईला काहीच होत नव्हतं, ती जिना चढत-उतरत होती, तरी गोळ्या दुप्पट केल्या आणि आठवड्याभरात आकडा साठीवर आला. त्या खेपेला पहिल्यांदाच तिला दाखल व्हावं लागलं नाही. मोठ्या सरांनी सगळ्या विभागाला चहा पाजला. ताई ताटलीच्या बाबतीत कापडाच्या मापासारखी काटेकोर होती. उठल्यावर, पाणीसुद्धा न पिता, पाठ टेकून, खुणेवर ताटली. रोज. आकडा ती दुकानाच्या भिंतीवर, गिऱ्हाइकांच्या मापांशेजारी, खडूने लिहायची. हळूहळू तिची एक सवय सुटली. आज जड वाटतंय, आज हलकं वाटतंय, हे म्हणणं तिने सोडून दिलं. कशी आहेस विचारलं की ती आकडा सांगायची.

सातव्या महिन्यापासून आकडा चढायला लागला. त्रेसष्ट, पासष्ट, अडुसष्ट. मोठे सर खूश होते. फुप्फुस कोरडं होतंय म्हणाले. चिमटीला शंका आली. शरीर परकी वस्तू तशीच सोडून देत नाही, तिच्याभोवती पांढरं चिवट वेष्टण घालतं, हे तिला माहीत होतं. ते वेष्टणसुद्धा विजेला अडवणारच. तिने एका जुन्या चकतीला जेलीचा पातळ थर दिला आणि ती मिठाच्या पाण्याच्या काचेच्या टाकीत सोडली. आकडा चढला. मग मीठ वाढवलं, म्हणजे वीज आणखी सहज जावी, तर आकडा उतरून बरोबर पहिल्या जागी येऊन बसला. वेष्टण आकडा वर ढकलत होतं आणि पाणी खाली ओढत होतं. दोघांचं जमलं तर आकडा जागचा हलणारच नव्हता.

उपायही तिला सापडला. एकाच लहरीने मोजण्याऐवजी संथ आणि वेगवान अशा दोन लहरींनी मोजायचं. संथ लहर वेष्टणाशी अडखळते, वेगवान त्यातून पार होते. दोन आकडे शेजारी ठेवले की वेष्टण किती आणि पाणी किती ते वेगळं काढता येतं. तिने आलेख काढले आणि मोठ्या सरांपुढे ठेवले.

त्यांनी ते अर्धा तास पाहिले. त्यांना न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण चाचणी चालू असताना मोजायची रीतच बदलली तर सगळ्या परवानग्या नव्याने घ्याव्या लागतील. सहा महिने सगळं बंद. अठरा जणांच्या ताटल्या परत मागवायच्या? आज ज्यांना उपयोग होतोय त्यांचं काय? पुढच्या आवृत्तीत नक्की घेऊ."

चिमटीला ते पटलं. हे तिने नंतर स्वतःशी अनेकदा कबूल केलं. कुणी तिला दाबलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. तिला पटलं आणि ती आलेख घेऊन जागेवर आली.

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत ताईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. अशाच एका दुपारी ताईचा फोन आला. कामाच्या वेळी ती कधी फोन करायची नाही. चपला घट्ट होतायत, म्हणाली. रात्री सपाट पडवत नाही, दोनाच्या तीन उशा झाल्यात. चिमटीने आकडा विचारला. एकसष्ट.

चिमटीच्या डोळ्यांपुढून काचेची टाकी सरकून गेली. क्षणभरच. मग तिला तो चाळीस वेढ्यांचा, तीनदा केलेला अकरा नंबर आठवला, आणि ती म्हणाली, "आकडा चांगला आहे, ताई. दिवसभर मशीनवर पाय सोडून बसतेस, सूज येणारच. जरा पाय वर घेऊन बसत जा."

तरी तिने डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्यांनीही आकडा विचारला आणि ठरलेल्या तारखेलाच यायला सांगितलं. तारखेला आठ दिवस होते. ताईने त्यानंतर आणखी दोनदा फोन केला. दुसऱ्या खेपेला ती एवढंच म्हणाली की मला काही बरं वाटत नाहीये गं. चिमटीने परत आकडा विचारला. साठ. पंचावन्नपासून लांब होता. चिमटीने तेच सांगितलं.

सहाव्या दिवशी भर दुपारी ताई कापायच्या टेबलावर कोसळली. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तिच्या हातात मोठी कात्री होती. भाऊजी येईपर्यंत तिच्या तोंडाला फेस आला होता आणि ओठ निळे पडले होते. फुप्फुसं पाण्याने भरली होती. नऊ दिवस ती श्वासाच्या यंत्रावर होती. वाचली. पण हृदयाचा उरलासुरला जोर निम्म्यावर आला आणि मूत्रपिंडांनाही मार बसला. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने पाटीवर लिहून दाखवलं: ते काढा.

चकती काढली. बाटलीत घालून, वर अकरा नंबर लिहून ती चिमटीच्या टेबलावर आली, कारण संस्थेत चकत्या तपासायचं काम तिचंच होतं. दुसऱ्या कुणाला देता येईल का, असं मोठ्या सरांनी आपणहून विचारलं होतं. नको म्हणाली ती. सूक्ष्मदर्शकाखाली चकतीभोवती पांढरट, चिवट थर होता, ठिकठिकाणी अर्धा मिलिमीटर जाडीचा. मोठे सर शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी एक हात टेबलाच्या कडेवर ठेवला. तिने थर खरवडून वेगळा जपून ठेवला, चकती स्वच्छ केली आणि टाकीत सोडली. आकडा तंतोतंत आला. तारेचा एक वेढा हलला नव्हता.

तपासणीच्या फॉर्मवर चौकटी छापलेल्या होत्या. तार, आवरण, वीज सोडणारे बिंदू, अचूकता. प्रत्येकीसमोर तिने 'मर्यादेत' लिहिलं, कारण तेच खरं होतं. वेष्टणासाठी चौकट नव्हती. ते तिने वेगळ्या कागदावर लिहिलं, दोन पानं, आलेखांसकट, आणि फॉर्मला जोडलं. खाली सही केली.

पुढे काय झालं ते तिला तीन आठवड्यांनी कळलं. तोवर ताई घरी आली होती. दुकानाला कुलूप होतं. चिमटी गेली तेव्हा भाऊजींनी दार उघडलं आणि काही न बोलता आत गेले. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, पायांखाली स्टूल. तिने चिमटीला एक पत्र दिलं. चाचणीच्या कचेरीतून आलं होतं. लवकर बरं वाटावं अशी इच्छा होती, सहभागाबद्दल आभार होते. मग एक परिच्छेद: तज्ज्ञांनी उपकरणाची सखोल तपासणी केली असून त्यात कोणताही दोष आढळलेला नाही, वाचनाची ताटली सूचनेनुसार न धरल्यास चुकीचे आकडे येऊ शकतात, हे आपणास सुरुवातीस सांगण्यात आले होते. सोबत तपासणीच्या फॉर्मची प्रत होती. एकच पान. दोन जोडपानं नव्हती.

चिमटी सांगायला लागली. वेष्टण, टाकी, दोन लहरी, आपण लिहिलेली पानं. ताईने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"हे तुला कधी कळलं होतं?"

"सातव्या महिन्यात."

"मी फोन केला तेव्हा तुला हे माहीत होतं."

"शंका होती. खात्री नव्हती."

"मला खात्री होती," ताई म्हणाली. "माझे पाय होते ते. तीन वेळा सांगितलं तुला. मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं असं कधी वाटलं नाही मला, म्हणून गप्प बसले." तिने फॉर्मची प्रत उचलली, लांब धरली आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही तुझी सही आहे ना?"

"हो."

"मी ताटली वाकडी धरली, असं आहे पत्रात. चाळीस वर्षं माप घेतलं मी लोकांचं. अर्ध्या सुताचा फरक पडला नाही कुणाच्या कोटात."

आपण तसं लिहिलेलं नाही, आपण फक्त चकती नीट आहे एवढंच लिहिलंय, असं चिमटी म्हणाली. म्हणता म्हणता तिलाच ते ऐकवेना. चकती नीट आहे. मग चूक कुणाची, हे वाचणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवलं होतं. त्यासाठी कुणाला खोटं बोलावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या सरांकडे गेली आणि पत्र त्यांच्यापुढे टाकलं. त्यांना ते पत्र माहीत नव्हतं, आणि ते खरंच माहीत नसावं, कारण वाचताना त्यांचा चेहरा उतरला. अशी पत्रं कचेरीतले लोक ठरावीक मजकुरातून बनवतात, म्हणाले. जोडपानं फाइलला आहेत, गहाळ झालेली नाहीत. फक्त रोग्याला पाठवायच्या संचात ती येत नाहीत. दुसरं पत्र पाठवा, ती म्हणाली. त्यासाठी कायद्याच्या विभागाची संमती लागेल, ते म्हणाले, आणि प्रयत्न करतो म्हणाले. प्रयत्न त्यांनी केला असावा. पत्र आलं नाही.

वर्षअखेरीच्या अहवालात अठरा रोग्यांचा तक्ता होता. अकरा नंबरसमोर लिहिलं होतं: 'वगळले, सूचनांचे अपुरे पालन'. चिमटीने लेखी हरकत घेतली. चार महिने कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी दुरुस्ती झाली. 'वगळले; इतर कारण'. मोठ्या सरांनी स्वतः येऊन तिला ते दाखवलं. तिने काय करावं अशी त्यांची अपेक्षा होती कोण जाणे. आभार मानावेत अशी असावी.

दोन लहरींनी मोजणारी चकती मंजूर झाली. तिच्या पहिल्या सादरीकरणात टाकीचा आलेख होता, तोच, चिमटीने काढलेला. खाली विभागाचं नाव. टाळ्या झाल्या. नवीन चाचणीत ताईला घेता आलं असतं का, असं चिमटीने डॉक्टरीणबाईंना विचारून पाहिलं. मूत्रपिंडं अधू असलेले रोगी नियमात बसत नाहीत, त्या म्हणाल्या. मग बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या. आपणही त्या दिवशी नुसता आकडाच विचारला होता, हे त्या बोलल्या नाहीत, पण उठून दारापर्यंत सोडायला आल्या.

नोकरी सोडावी असं चिमटीच्या मनात अनेकदा आलं. सोडली नाही. नव्या चकतीला साठ वेढे लागत होते आणि ते तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हते, हे एक कारण. तिला दुसरं काही येत नव्हतं, हे दुसरं. नव्या चाचणीतले रोगी ताटली घ्यायला यायचे तेव्हा ती टेबलावरून उठून त्यांच्यापाशी जायची आणि सांगायची की आकडा काही म्हणू दे, अंग वेगळं सांगायला लागलं तर अंगाचं ऐका, आणि कुणी तुमचं ऐकत नसेल तर दवाखान्याच्या दारात जाऊन बसा. अशाने रोग्यांचा उपकरणावरचा विश्वास उडतो, अशी तक्रार झाली. तिला समज देण्यात आली. तिने कागदावर पोच म्हणून सही केली आणि पुढच्या रोग्यालाही तेच सांगितलं.

ताईकडे ती दर रविवारी जाते. भाऊजी आता जरा बोलतात. लिफ्टचं, रस्त्याचं, काहीबाही. मशीन विकलं. कापायच्या टेबलावर औषधं असतात. ताई रोज सकाळी साध्या काट्यावर वजन करते, कारण पाणी चढलं की आधी वजन वाढतं, आणि ते वहीत लिहिते. त्यावर डॉक्टरीणबाई गोळ्या ठरवतात. बरं चाललंय.

भांडण झालेलं नाही. ताई रागाने बोलत नाही, टोमणे मारत नाही. फक्त एवढंच की ती चिमटीला अहो-जाहो करायला लागली आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा चिमटीला थट्टा वाटली होती. थट्टा नव्हती. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी ती जसं बोलायची, तसं. नीट, मऊ आवाजात.

गेल्या रविवारी चिमटीने विचारलं, वजन काय म्हणतंय. वही ताईच्या मांडीवर होती. ती तिने मिटली.

"ते मी डॉक्टरांना दाखवते," ती म्हणाली. "तुम्ही चहा घ्या. गार होतोय."